थंडी पडत नाही, वाहते : नाशिकला नवीन आलेल्यांसाठी

नाशिकला आले तेव्हा माझ्याकडे एकही स्वेटर नव्हता. आमच्या रत्नागिरीकडे स्वेटर ही महाबळेश्वरच्या सहलीला शेजारून उसनी आणायची वस्तू. पीएचडीला प्रवेश मिळाला, तळमजल्यावर एक खोली मिळाली, खोलीच्या मागे नाला. नोव्हेंबर गोडीगुलाबीत गेला. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मात्र मी कानाला ओढणी गुंडाळून, पायात दोन-दोन मोजे घालून, संध्याकाळी सातलाच पांघरुणात शिरत होते. गावात ओळखीचं कोणी नाही, त्यात ही थंडी. घरी फोन केला की आई विचारायची, "मजा येते का गं नाशिकला?" आणि मी म्हणायचे, "हो, छान गुलाबी थंडी आहे." साफ खोटं.

गंमत अशी की माझा संशोधनाचा विषयच मुळात रात्रीचं तापमान हा आहे. गोदावरीच्या वरच्या खोऱ्यात हिवाळ्याच्या रात्री कुठे किती गारठतात आणि का, हे मी मोजते. म्हणजे जिच्यापासून लपत होते तिच्याच मागे फिरायचं होतं. आता तिसरा हिवाळा. या तीन हिवाळ्यांत मला जे कळलं, त्यातलं निम्मं तुमच्याही कामाचं आहे असं वाटतं. विशेषतः तुम्ही सातपूर-अंबडला नोकरीसाठी, शिक्षणासाठी किंवा बदलीवर नुकतेच इथे आला असाल आणि हिवाळा खिडकीच्या काचेतूनच बघत असाल तर.

एक प्रयोग आज रात्रीच करा. दहाच्या पुढे दुचाकीवरून नासर्डीचा कुठलाही पूल ओलांडा. पुलाच्या अलीकडे हवा गार असते. पुलावर आलात की गुडघ्यांना एकदम थंड पाण्यात उतरल्यासारखं होतं, आणि पलीकडे चढ लागला की पुन्हा बरं वाटतं. वारा तोच, रात्र तीच, अंतर जेमतेम दोनशे मीटर. मग मधेच ही थंडी आली कुठून?

आपण म्हणतो "थंडी पडली", जणू ती वरून पडते. नाहीतर म्हणतो "उत्तरेकडून थंडी आली". यात तथ्य आहे, पण अर्धंच. उत्तरेकडून येते ती मुख्यतः कोरडी, स्वच्छ हवा. रात्रीची थंडी बऱ्याच अंशी इथेच, आपल्या शेतांत आणि माळांवर तयार होते.

ती कशी, ते सांगते. दिवसभर तापलेली जमीन रात्रभर उष्णता बाहेर टाकत असते. प्रकाशासारखीच, पण डोळ्यांना न दिसणारी अवरक्त किरणं. दहा-पंधरा अंश तापमानाची जमीन दर चौरस मीटरमागे साधारण साडेतीनशे ते चारशे वॉट एवढी ऊर्जा वर सोडते. आकाशात ढग किंवा भरपूर बाष्प असेल तर त्यातली बरीचशी परत खाली येते. कोकणात असंच होतं. आमच्याकडची दमट हवा म्हणजे रात्रभर अंगावर घातलेली गोधडी. नाशिक समुद्रापासून शंभराहून जास्त किलोमीटर आत, मध्ये सह्याद्रीची भिंत, उंची सुमारे सहाशे मीटर. डिसेंबर-जानेवारीत इथली हवा कोरडी आणि आकाश निरभ्र. गोधडी फाटकी. मग जमिनीचा निव्वळ तोटा चौरस मीटरमागे सत्तर ते शंभर वॉटपर्यंत जातो. म्हणजे जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरमधून जुन्या शंभरच्या बल्बएवढी उष्णता रात्रभर आकाशात चालली आहे, असं समजा.

हे काही आजचं ज्ञान नाही. विल्यम चार्ल्स वेल्स नावाचा लंडनचा एक डॉक्टर बागेत लोकरीचे छोटे पुंजके ठेवून दवाने त्यांचं वजन किती वाढतं ते रात्र-रात्र जागून बघत असे. १८१४ मध्ये त्याने दवावर निबंध लिहिला आणि दव वरून पडत नाही, गार झालेल्या वस्तूवर जमतं, हे दाखवून दिलं. त्यात त्याने आपल्याकडच्या बर्फाचाही विचार केला आहे. हो, आपल्याकडचा बर्फ! अठराव्या शतकात अलाहाबादच्या परिसरात हिवाळ्याच्या निरभ्र रात्री उसाची वाळलेली चिपाडं पसरून त्यावर मातीची उथळ भांडी ठेवत, त्यात पाणी ओतत आणि पहाटे बर्फाचे पापुद्रे गोळा करत. हवेचं तापमान शून्याच्या वर असतानाही. खालून जमिनीची ऊब चिपाडांनी अडवली आणि वरून आकाश मोकळं ठेवलं, एवढंच. ज्यांनी ही युक्ती काढली त्यांची नावं कुठे नाहीत, वेल्सचं मात्र आहे. असो.

आता त्या पुलाकडे परत येऊ. जमीन गारठली की तिला चिकटलेला हवेचा थरही गारठतो. थंड हवा जड असते. ती पाण्यासारखी उताराकडे ओघळते, अगदी हळू, अंगाला वारा म्हणून जाणवणारही नाही इतकी हळू. ओढे, नाले, नदीचं पात्र, शेताचा खोलगट कोपरा, जिथे पाणी साचेल तिथे तीही साचते. माझी खोली तळमजल्यावर, मागे नाला. म्हणजे आख्ख्या कॉलनीची थंडी रात्रभर माझ्या दाराशी जमत होती! हे ध्यानात आलं त्या दिवशी मी वहीत काही लिहायच्या आधी घरमालकीण काकूंकडे वरच्या मजल्यावरची खोली मागितली. काकू म्हणाल्या, "अगं, वरची उन्हाळ्यात तापते म्हणून कोणी घेत नाही." म्हटलं, उन्हाळ्याचं उन्हाळ्यात बघू.

याच काकूंची दुसरी एक गोष्ट सांगायलाच हवी. पहिल्या डिसेंबरात मी कोळशाची शेगडी खोलीत घेऊन, दार-खिडक्या गच्च लावून अभ्यासाला बसले होते. काकू काहीतरी द्यायला आल्या आणि त्यांनी आधी दार उघडलं, मग शेगडी उचलून अंगणात ठेवली, आणि मग मला झापलं. बंद जागेत निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपट घट्ट धरतो. आधी डोकं जड होतं, मग झोप येते, आणि त्या झोपेतून माणूस उठत नाही. मला त्या दिवशी झोपच येत होती. शेकोटी उघड्यावर, शेगडी उघड्यावर. यात तडजोड नाही.

थंडी खाली साचते याचा उलटा अर्थ असा की वर ऊब असते. दिवसा उंचावर जावं तसं गार होतं, पण निरभ्र, शांत रात्री याच्या बरोबर उलट. दरीच्या तळापेक्षा टेकडीच्या मधल्या उतारावरची हवा उबदार राहते. म्हणून नव्या माणसाने पहिल्यांदा कुठे जावं असं कोणी विचारलं तर मी पांडवलेणीचं नाव घेते. मुंबई-आग्रा महामार्गालगत, त्रिरश्मी डोंगराच्या कुशीत. दोन हजार वर्षांपूर्वी भिक्षूंनी लेणी कोरली ती नेमकी या मधल्या उतारावर. थंडीचा विचार करून कोरली असं मी म्हणत नाही, माझे गाइड मला ओरडतील. सकाळी पायथ्याशी हात खिशात घालून निघा, अर्ध्या पायऱ्यांवर टोपी काढावीशी वाटेल. त्यातली काही ऊब चढण्याची आणि काही हवेची. वर पोचलात की शहराकडे वळून बघा. थंडीच्या दिवसांत नाशिकवर एक करडा, सपाट थर दिसतो, वरची कड पट्टीने आखल्यासारखी. ती कड म्हणजेच वरच्या उबदार हवेचं झाकण. खालचा धूर त्याच्या वर जाऊ शकत नाही.

ते बघितल्यापासून मी पहाटे साडेपाचला गोदापार्कवर पळणं सोडलं. नवीन गावात आलं की लोक उत्साहाने पहाटे पळायला लागतात, आणि "पहाटेची शुद्ध हवा" हे तर आपण शाळेपासून घोकलेलं. हिवाळ्यात शहरात, आणि त्यातही नदीकाठी, ते खरं नाही. रात्रभरच्या शेकोट्या, जाळलेला कचरा, गाड्यांचा धूर सगळा त्या झाकणाखाली अडकलेला असतो. सूर्य वर आला, जमीन तापली, हवा वर-खाली घुसळली की झाकण फुटतं. जानेवारीत नाशिकला सूर्य उगवतो सातच्या पुढे, तेव्हा नऊ-साडेनऊनंतरची हवा बरी. दमा असेल किंवा घरात म्हातारी माणसं असतील तर हे जास्तच लक्षात ठेवा. पहाटेच जायचं असेल तर टेकडीवर जा.

एक दिवस मात्र मुद्दाम पहाटे खाली जायचं, आणि तो रामकुंडावर. गोदाघाटावर पाण्यातून वाफा निघताना दिसतात. पाणी उकळत नसतं, ते फक्त हवेइतक्या लवकर गार होत नाही. उबदार पाण्यावरचं बाष्प थंड हवेत शिरतं आणि लगेच गोठल्यासारखं पांढरं दिसतं. म्हणून त्या गारठ्यात बुडी मारणारा म्हातारा बाहेर येऊन "पाणी कोमट आहे" म्हणतो तेव्हा तो तुमची चेष्टा करत नसतो. खरी परीक्षा पाण्यात नाही, पाण्यातून बाहेर आल्यावर असते. ओल्या अंगावरचं पाणी सुकताना अंगाचीच ऊब घेऊन जातं.

आता निफाड. हिवाळ्यात पेपरात रोज एक चौकट येते, "निफाडचा पारा इतक्यावर". हे आकडे कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातले असतात. डिसेंबर २०१८च्या शेवटच्या आठवड्यात तिथला पारा दोन अंशांच्याही खाली गेला होता. नाशिकपासून इतक्या जवळ, तरी तिथे एवढी थंडी का? नाशिक शहराच्या भिंती आणि रस्ते दिवसभर प्यायलेलं ऊन रात्री परत देतात, इमारती आकाशाचा तुकडा झाकतात. कुंदेवाडीला मोकळी शेतं, आकाश पूर्ण उघडं. शिवाय निफाड तालुका गोदावरी आणि कादवेच्या खालच्या अंगाला, पसरट परातीसारखा. आणि आणखी एक लक्षात घ्या. पेपरातला आकडा हा पांढऱ्या जाळीदार पेटीतल्या, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवरच्या तापमापकाचा. जमिनीलगत तापमान त्याहून काही अंश खाली असतं. म्हणून पेटीत तीन अंश असताना गवतावर हिमकण दिसतात. लोक फोटो काढायला धावतात. मीही धावले होते, पहिल्या वर्षी.

त्याच पहाटे माझं एक यंत्र तपासायला एका द्राक्षबागेत गेले. आबांचा दोन एकराचा बाग. ओळींच्या मधून शेकोट्या पेटलेल्या. मी मफलरमधून हसत म्हटलं, "काय मस्त थंडी आहे!" आबा शेकोटी सारखी करत होते. वर न बघताच म्हणाले, "तुमाला मस्त हाय, मॅडम. माझी पोरं तीन रात्री झोपली न्हाईत."

ऑक्टोबरात छाटणी झालेल्या बागेत डिसेंबर-जानेवारीला मणी फुगायचे असतात. थंडी वाढली की फुगवण थांबते. जिथे माल तयार होत आला आहे तिथे गारठा आणि दव मिळून मणी तडकतात. काही बागांत हिरवे मणी गुलाबी पडतात. तडकलेल्या घडाकडे व्यापारी बघतही नाही. वर्षभराची औषधं, मजुरी, कर्ज सगळं त्या दोन-चार पहाटांवर टांगलेलं.

शेकोटीचा धूर बागेवर पांघरुणासारखा पसरतो आणि थंडी अडवतो, असं आबा म्हणाले. मलाही तसंच वाटायचं. पण धुराचे कण जमिनीकडून जाणाऱ्या अवरक्त किरणांना फारसे अडवत नाहीत. उपयोग होतो तो उष्णतेचा, आणि त्या उष्णतेने हवा जी घुसळली जाते तिचा. वर उबदार हवेचा थर असतो, हे पांडवलेणीवर आपण बघितलंच. लहान शेकोटीची गरम हवा थोडी वर जाऊन त्या थराखाली पसरते आणि बाग आतल्या आत ढवळली जाते. एकच मोठा जाळ केला तर झोत सरळ झाकण फोडून वर निघून जातो आणि त्याच्या जागी बाजूची थंड हवा आत ओढली जाते. म्हणून एका मोठ्या होळीपेक्षा पुष्कळ बारक्या शेकोट्या बऱ्या. कॅलिफोर्नियातल्या फळबागांमध्ये यासाठी उंच खांबांवर मोठे पंखे लावतात, वरची ऊब खाली ढकलायला. तत्त्व तेच.

दुसरा उपाय पाण्याचा, आणि तो जास्त भरवशाचा. विहिरीचं पाणी हिवाळ्यात हाताला कोमट लागतं, ते ही ऊब घेऊनच बागेत येतं. शिवाय ओली जमीन दिवसा जास्त उष्णता साठवते आणि खालची उष्णता वर लवकर आणते. भुसभुशीत, कोरड्या मातीत हवाच हवा भरलेली असते, तिच्यातून खालची ऊब वर येतच नाही. म्हणून पहाटे पाणी सोडायचं. पण त्यासाठी पहाटे वीज हवी, आणि त्या आठवड्यात विजेची पाळी दिवसाची असेल तर हे सगळं विज्ञान बांधावर बसून राहतं.

आबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "ताई, ते तुमचं यंत्र सगळ्यात खाली कधी जातं ते सांगा. आमी दोनला उठतो, का चारला उठावं?" हा प्रश्न माझ्या प्रबंधाच्या आराखड्यात नव्हता. उत्तर असं की सर्वांत कमी तापमान मध्यरात्री नसतं, पहाटे चारलाही नसतं, ते असतं सूर्योदयाच्या आसपास, बऱ्याचदा सूर्य उगवून गेल्यावर थोड्या वेळाने. कोवळं उन्ह जितकं देतं त्यापेक्षा जमीन अजून जास्त गमावत असते. तेव्हा लाकूडफाटा दोन वाजताच संपवून चालत नाही, सहा ते साडेसातसाठी राखून ठेवावा लागतो.

निफाडच्याच परातीत, गोदावरी-कादवेच्या संगमावर नांदूर मधमेश्वरचा बंधारा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला. गाळ साचत गेला, उथळ पाणी पसरलं आणि पक्षी आले. सलीम अलींनी या जागेला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं. १९८६ मध्ये अभयारण्य झालं आणि पुढे राज्यातलं पहिलं रामसर स्थळही. चापडगावच्या बाजूला मनोरे आहेत, स्थानिक गाइड दुर्बिणी घेऊन मिळतात. इथे तुम्ही सगळ्यात थंड जागी, सगळ्यात थंड वेळी उभे असणार, हे धरूनच जा. एक जाड जाकीट घालण्यापेक्षा तीन पातळ कपडे घाला. ऊब कपडे देत नाहीत, कपड्यांमध्ये अडकलेली हवा ऊब धरून ठेवते. समोर बदकं तेच करत असतात. पिसं फुलवून गोळा झालेलं बदक जाड झालेलं नसतं, त्याने हवा पांघरलेली असते. एक पाय पोटात घेऊन उभा असलेला पक्षी त्या पायाची ऊब वाचवत असतो. आणि हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब हंस इथल्या थंडीला काय म्हणत असतील? मला तिथे पहिल्यांदा जाणवलं की ज्याला मी कडाक्याची थंडी म्हणते, तिच्यासाठी कोणीतरी हजारो किलोमीटर उडून येतं.

संक्रांतीला येवल्याला जा. भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस गच्च्यांवर गाव असतं. तिथे माझ्या शास्त्राची एक गोष्ट पोरांना न शिकवता येते. सकाळी सातला कोणी पतंग काढत नाही. खाली थंड हवेचा जड थर, वारा मेलेला. उन्हाने जमीन तापून झाकण फुटलं की वरचा वारा खाली उतरतो, आणि दहा-अकरापासून आभाळ भरतं. मी आसारी हातात घेतली तेव्हा एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा म्हणाला, "ताई, थांबा, अजून हवा जागी नाही झाली." हे वाक्य मी गाइडना सांगितलं. ते म्हणाले, प्रबंधात घालता येत नाही, पण बरोबर आहे. नायलॉन मांजा मात्र नको. त्यावर बंदी आहे, आणि तो पक्ष्यांचे पंख आणि माणसांचे गळे कापतो.

गेल्या दोन वर्षांत मला नाशिकमध्ये जी माणसं मिळाली ती सगळी थंडीनेच दिली. पांडवलेणीच्या पायऱ्यांवर रोज भेटणाऱ्या दोन निवृत्त बाई, नांदूरचा गाइड, येवल्याची ती गच्ची. शरीरही शिकतं. रोज थोडी थंडी लागली की काही दिवसांत हुडहुडी कमी होते. खोलीत बसून राहिलं की मात्र शरीर पहिल्याच दिवशी अडकून राहतं.

या वर्षीही आबांच्या बागेत माझं यंत्र आहे. आकाश निरभ्र असेल आणि संध्याकाळी वारा पडला असेल, तर मी रात्री नऊला त्यांना फोन करते. परवा मी करायच्या आधी त्यांचाच आला. "ताई, आज चांदण्या लई झाल्यात," एवढंच म्हणाले. मी मोजे घातले आणि घड्याळाला पाचचा गजर लावला.